काळी, पांढरी की गुलाबी? पुण्यस्मरणाच्या फितीचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला इंदिरानगरमधल्या तुमच्या शाळेतल्या एक बाई गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. येत्या ऑक्टोबरात त्यांचं प्रथम पुण्यस्मरण आहे. शाळेच्या सभागृहात श्रद्धांजली सभा आणि तिलाच जोडून कर्करोगाविषयी जनजागृती, असा बेत आहे. शिक्षक, पालक आणि मोठ्या वर्गातल्या मुली धरून तीनशे माणसं होतील. सगळ्यांच्या छातीवर फीत असावी असं मुख्याध्यापकांना वाटतं. काळी म्हटलं तर एका सरांनी विचारलं, "संप आहे का?" गुलाबी म्हटलं तर ज्येष्ठ बाई म्हणाल्या, पुण्यस्मरणाला गुलाबी कसली लावता? आता रंग कोणता, फीत कुठून आणि किती आणायची, ती लावायची कशी, हे तुम्ही विचारलंय.

रंगाचं नंतर बघू. आधी हे ठरवा की फीत कोणाबद्दल बोलणार, गेलेल्या बाईंबद्दल की समोर बसलेल्या तीनशे जणांबद्दल? शोकाची फीत म्हणते, "आमचं माणूस गेलं." जागृतीची फीत म्हणते, "हा आजार असा असतो, तपासून घ्या." दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण अर्ध्या इंचाच्या सॅटिनवर दोन्ही मावत नाहीत. तुमच्या बैठकीतला घोळ झाला तो यामुळे. प्रत्येक जण वेगळ्या कामाची फीत डोळ्यांपुढे ठेवून बोलत होता.

माझं मत सरळ आहे. शोकासाठी फीत लावूच नका. आपल्याकडे त्या कामाला पांढरे कपडे आहेत, फोटोपुढची समई आहे, ओंजळीतलं फूल आहे, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं आहे. फीत फक्त जागृतीसाठी ठेवा, ती गुलाबी असू द्या, आणि सभेच्या सुरुवातीला न देता श्रद्धांजलीचा भाग संपल्यावर द्या. हे बदलू शकतं ते दोनतीन गोष्टींमुळे: घरच्यांची इच्छा, संस्थेचा काही जुना रिवाज, आणि कार्यक्रम बंद सभागृहात आहे की रस्त्यावर फेरी काढून.

काळ्या फितीबद्दल त्या सरांचं काही चुकलं नाही. महाराष्ट्रात "काळ्या फिती लावून काम" हा शब्दप्रयोगच रूढ आहे. परिचारिका, तलाठी, निवासी डॉक्टर, शिक्षक, कुठलेही कर्मचारी घ्या. मागण्या मान्य झाल्या नाहीत की संपाच्या आधीची पायरी म्हणून काळ्या फिती येतात. काम चालू आणि निषेधही चालू. त्यामुळे शाळेच्या फाटकात पाच शिक्षक काळी फीत लावून उभे दिसले की रिक्षावालासुद्धा थकलेल्या पगाराचाच विचार करणार.

शोकाची काळी पट्टी आपल्याकडे पाश्चात्त्य रिवाजातून आली. तिकडे घरात मृत्यू झाला की संपूर्ण काळा पोशाख घालायची पद्धत होती. १८६१ साली पती वारल्यावर राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत काळ्यातच राहिली, ते याचं टोकाचं उदाहरण. पण गणवेशातल्या माणसाला पोशाखाचा रंग बदलता येत नाही आणि गरिबाला नवा काळा पोशाख परवडत नाही. म्हणून दंडावर काळी पट्टी. क्रिकेटपटू दंडावर पट्टी बांधतात ती याच कारणाने, अंगावर संघाचा गणवेश असतो म्हणून. दोन अर्थ एकत्र आल्याचंही उदाहरण आहे: २००३ च्या विश्वचषकात हरारे इथे झिंबाब्वेच्या अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी दंडावर काळी पट्टी लावली आणि आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा हा शोक आहे असं निवेदन दिलं. शोक म्हणता म्हणता तो निषेध झाला.

यातून कामाची खूण एवढीच घ्या की दंडावर गोलाकार बांधलेली पट्टी शोकाची वाटते आणि छातीला टाचलेली काळी फीत निषेधाची. संस्थेने काळ्याचाच आग्रह धरला तर ती डाव्या दंडावर बांधा, फक्त श्रद्धांजली चालू असेपर्यंत ठेवा, आणि सूत्रसंचालकाने एका वाक्यात तिचं कारण सांगावं. पट्टीला सॅटिन घेऊ नका, ती बाहीवरून घसरत कोपरापर्यंत येते. साधं सुती पॉपलिन घ्या. ४० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी बहुतेक मोठ्यांच्या दंडाला पुरते. ४४ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून अशा निदान ३२ निघतात. फॉल-पिको करणाऱ्याकडून कडा पिको करून घेतल्या की धागे सुटत नाहीत. गाठ मारू नका, मागे एक सेफ्टी पिन लावा. गाठ एक तर सुटते नाही तर रग लागेपर्यंत आवळली जाते. आणि काळ्या कापडाचा रंग आधी तपासा. ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासा. रुमाल काळा झाला तर ते कापड ऑक्टोबरच्या घामात तीनशे पांढरे सदरे खराब करणार.

पांढऱ्याचं वेगळंच आहे. अर्थाच्या दृष्टीने पांढरी फीत आपल्याकडे शोकसभेत बरोबर बसते, कारण माणसं पांढरे कपडे घालूनच येतात. अडचणही तीच आहे. पांढऱ्या सदऱ्यावर पांढरी फीत दिसतच नाही, आणि दिसली तर बिल्ला तुटून राहिलेल्या कापडासारखी दिसते. शिवाय जगभरात पांढऱ्या फितीला आता दुसरा ठरलेला अर्थ आहे. कॅनडात ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांची हत्या झाली. त्यानंतर १९९१ मध्ये तिथल्या काही पुरुषांनी स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध पांढरी फीत लावायला सुरुवात केली, आणि २५ नोव्हेंबरच्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी दिनाशी ती जोडली गेली. तुमच्या सभेत कोणी तसा अर्थ काढणार नाही, पण फोटो बाहेर गेले की काढतील. पांढरंच हवं असेल तर निशिगंधाची एक काडी किंवा पांढऱ्या शेवंतीचं एक फूल प्रत्येकाच्या हातात द्या. फोटोपुढे वाहता येतं, टाचायचा प्रश्न नाही, आणि पंचवटीत गणेशवाडीच्या फुलबाजारातून सकाळी आणलं तर दुपारपर्यंत ताजं राहतं.

आता गुलाबी. ज्येष्ठ बाईंची शंका उडवून लावू नका, तिला उत्तर द्या. छातीला टाचायची, वळसा घातलेली फीत ही मुळात शोकाची खूण नाहीच. तिचा धागा १९७९ पासून लागतो. इराणमध्ये अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले तेव्हा त्यांपैकी एकाच्या पत्नीने, पेनेलोपी लेंजन यांनी, अंगणातल्या ओकच्या झाडाला पिवळी फीत बांधली. माणूस परत यावं म्हणून. आखाती युद्धाच्या वेळी त्या पिवळ्या फिती पुन्हा दिसल्या. ते पाहून १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही कलावंतांनी एड्सच्या रुग्णांसाठी लाल फीत काढली. लांबी सहा इंच, वर उलट्या व्ही-सारखी घडी, सेफ्टी पिनने टाचायची, एवढीच कृती. त्यांनी मुद्दाम तिचे हक्क राखून ठेवले नाहीत, कोणीही करावी म्हणून. आज जगात जी फीत दिसते तिचा आकार तिथून आला.

गुलाबीआधी एक पीच रंगाची फीत होती, आणि तुमच्या कार्यक्रमाच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची. शार्लट हेली नावाच्या एका अमेरिकन बाई घरच्या जेवणाच्या टेबलावर फिती करायच्या आणि पाच-पाचच्या संचाने वाटायच्या. प्रत्येक संचाला एक चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं की राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या खर्चातला जेमतेम पाच टक्के भाग प्रतिबंधावर जातो, लोकप्रतिनिधींना जागं करायला ही फीत लावा. १९९२ मध्ये एक मासिक आणि एक सौंदर्यप्रसाधनांची कंपनी त्यांच्याकडे गेली. हे फार व्यापारी होईल म्हणून बाईंनी नकार दिला. मग रंग बदलून गुलाबी घेतला गेला आणि तो जगभर पसरला. मधल्या वाटेत चिठ्ठी गळाली. पुढे २००२ पासून तिकडेच ओरड सुरू झाली की गुलाबी फीत लावून कंपन्या नुसता माल विकतात. तुमच्या कार्यक्रमात कोणी प्रायोजक असेल तर त्याचं नाव पडद्यावर येऊ द्या, फितीवर नको.

म्हणून फितीबरोबर चिठ्ठी परत आणा. पोस्टकार्डाच्या पाव आकाराचा जाड कागद, त्यावर मोठ्या अक्षरात चार ओळी पुरतात. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळी पडणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंड आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त वा स्राव येणं, यांपैकी काही दिसलं तर दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जा. "दुखत नसलं तरी" हे शब्द ठळक करा, कारण बहुतेक उशीर तिथेच होतो. दुसरं वाक्य तपासणीचं: सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्याकडून स्तनतपासणी अपेक्षित आहे, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. चिठ्ठी छापण्याआधी त्या केंद्राचे वार आणि वेळ स्वतः जाऊन विचारून या. चुकीच्या वाराची चिठ्ठी घेऊन एखादी बाई तिथे गेली आणि परत आली, तर ती दुसऱ्यांदा जात नाही. पुरुषांनाही हा आजार होतो, कमी प्रमाणात का होईना, हेही एका ओळीत असू द्या. वडील मंडळी मग चिठ्ठी बायकोकडे सरकवत नाहीत.

या सगळ्याच्या आधी एक काम करायचं आहे. बाईंच्या यजमानांना आणि मुलांना विचारा. गुलाबी फीत म्हणजे आजाराचं नाव जाहीर करणं आहे. शाळेत सगळ्यांना माहीत असतं, पण सासरच्या नातेवाइकांना किंवा मुलीच्या होणाऱ्या सासरी ते सांगितलेलं नसतं, असं होतं. फोनवर "चालेल ना?" असं विचारू नका, त्यावर कोणीही "हो" म्हणतं. घरी जा, फीत आणि चिठ्ठी दोन्ही दाखवा, उत्तर दुसऱ्या दिवशी घ्या. नको म्हणाले तर त्या दिवशी फक्त श्रद्धांजली ठेवा आणि जागृतीचा कार्यक्रम पंधरा दिवसांनी, बाईंचं नाव न घेता करा. दुसऱ्या आजारांत ही काळजी आणखी कडक लागते. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करायला बंदी आहे, म्हणून एखाद्याच्या शोकसभेत लाल फीत लावायचीच नाही. ती जागतिक एड्स दिनी, १ डिसेंबरला लावा, महाविद्यालयांतल्या रेड रिबन क्लबांनी लावावी. आत्महत्येनंतरच्या सभेत पिवळी फीत (ती आत्महत्या रोखण्याच्या मोहिमेचीही आहे) आणि कारणांची चर्चा टाळा. टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर असला की तेवढं पुरे.

रंगांचा विषय निघालाच आहे तर पुढे उपयोगी पडेल असं थोडं सांगतो, कारण एकदा गुलाबी झाली की शाळा दर महिन्याला नवा रंग मागते. हिरवी अवयवदानाला आणि मानसिक आरोग्यालाही चालते. अवयवदान दिन आपल्याकडे ३ ऑगस्टला, मानसिक आरोग्य दिन १० ऑक्टोबरला. जांभळी अल्झायमरला, २१ सप्टेंबर. फिकी निळी प्रोस्टेटच्या कर्करोगाला. सोनेरी लहान मुलांच्या कर्करोगाला, सप्टेंबर महिना. मोरपंखीच्या जवळची अंडाशयाच्या कर्करोगाला. एका रंगाला एकच अर्थ असं कुठेच नाही, आणि हे ठरवणारं जगात एक कार्यालयही नाही. शिवाय भगवा, निळा, हिरवा यांना आपल्या गावात स्वतःचे अर्थ आहेत. त्यामुळे फितीबरोबर शब्द नसेल तर लोक आपल्या मनाचा अर्थ लावतात. तुमच्या ऑक्टोबरात आणखी एक गंमत होऊ शकते. तारीख नवरात्रात आली तर बायका त्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या नेसून येतील, आणि तो रंग गुलाबी निघाला तर तुमची फीत साडीत हरवेल. पंचांग बघून घ्या.

आता प्रत्यक्ष काम. मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकाली या भागात जिथे फॉल, अस्तर, लेस, बटणं मिळतात त्या दुकानांत सॅटिनची रिबीन रोलवर मिळते. अर्धा इंच, म्हणजे १२ मिलिमीटर रुंदीची घ्या. पाव इंची दोन हातांवरूनही दिसत नाही, एक इंची वळशापाशी फुगते आणि शाळेतल्या वेण्यांच्या रिबिनीसारखी दिसायला लागते. नुसतं "गुलाबी" म्हणाल तर दुकानदार राणी कलर पुढे करील. बेबी पिंकपेक्षा किंचित गडद, पण राणी नको, असं सांगा. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारात उन्हात आणून बघा. सगळे रोल एकाच वेळी आणि एकाच खोक्यातले घ्या, कारण नंतर आणलेला रोल हमखास एक छटा वेगळा निघतो आणि ग्रुप फोटोत ते दिसतं.

हिशोब असा. एका फितीला १५ सेंटिमीटर. तीनशे माणसांना तीनशे तीस करा, कारण काही खराब होतात, काही लोक घरच्यांसाठी मागून नेतात. ३३० गुणिले १५ म्हणजे साडेएकोणपन्नास मीटर. रोलवर बऱ्याचदा लांबी वारांत (यार्डांत) असते, मीटरांत नाही. २५ वारांचा रोल म्हणजे २२.८६ मीटर, त्यातून कागदावर १५२ फिती निघतात. दोन रोलच्या ३०४ होतात, म्हणजे तिसरा रोल लागतोच. इथेच लोक फसतात: "दोन रोलमध्ये भागतंय" म्हणून दोन आणतात, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नऊ वाजता सव्वीस कमी पडतात.

कापण्यासाठी पुठ्ठ्याचा १५ सेंटिमीटरचा तुकडा माप म्हणून ठेवा, पट्टीने प्रत्येक वेळी मोजू नका. टोकं ४५ अंशांत तिरकी कापा. दोन्ही टोकं एकाच दिशेला तिरकी ठेवली तर घडी घातल्यावर एक आत आणि एक बाहेर झुकतं. म्हणून दोन टोकांची तिरपी एकमेकींच्या उलट हवी, कापलेला तुकडा बसक्या समलंब चौकोनासारखा दिसला पाहिजे. सॅटिन पॉलिएस्टरचं असेल तर कडा वितळवून बंद करता येतात, नाही तर तासाभरात धागे निघतात. मेणबत्ती वापरू नका. तिच्या पिवळ्या ज्योतीची काजळी गुलाबीवर काळी रेघ सोडते. लायटरच्या ज्योतीच्या बुडाशी निळा भाग असतो, त्याच्या बाजूने टोक एका सेकंदात सरकवा, ज्योतीत घालू नका. तीनशेच्या वर फिती असतील तर त्याहून बरी युक्ती: काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर रिबीन ठेवायची, वर लोखंडी पट्टी धरायची आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने रेघ ओढायची. कापणं आणि कड बंद होणं एकदमच होतं. खिडकी उघडी ठेवा, आणि हे काम मुलांना देऊ नका. टोक न वितळता जळून राख झालं तर ती रिबीन सुती किंवा रेशमी आहे. तिला कडेला फॅब्रिक ग्लूचा बारीक हात द्या.

वळसा. स्वस्त सॅटिनला चमक एकाच बाजूला असते. तुकडा मधोमध धरा, चमक बाहेर ठेवून कमान करा, आणि दोन्ही शेपट्यांना पाव-पाव पीळ देत एकमेकींवरून ओलांडा, म्हणजे दोन्हींची चमकदार बाजू समोर येते. नुसती घडी घातली तर एक शेपटी चमकते आणि दुसरी निस्तेज दिसते; नव्या माणसाच्या निम्म्या फिती अशाच होतात. ओलांडण्याची जागा टोकांपासून चार ते साडेचार सेंटिमीटरवर. त्याहून खाली आली तर फीत माशासारखी दिसते, वर गेली तर वळसा मिटतो. त्या जागी त्याच रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घाला. पांढरा गोंद सॅटिनवर डाग पाडतो, आणि ग्लू गनचा ठिपका पातळ सॅटिनमधून टेकाडासारखा उठून दिसतो. हात बसलेला माणूस टाके आणि पिनेसकट तासाला चाळीस-पंचेचाळीस करतो. चार जण बसले तर दोन तासांत आटोपतं, पाच मुलींना आधी दहा-दहा शिकवून घेतलं तर गप्पा मारत मारत त्याच वेळेत होतं.

पिना लहान घ्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या, शक्यतो पितळी. स्वस्त लोखंडी पिनेवरचा मुलामा घामाने जातो आणि गंजाचा डाग कपड्यावर उतरतो. पिन मागून, ओलांडलेल्या जागेतून आडवी घाला. उभी घातली तर फीत दिवसभर घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहते. टाचणी अजिबात नको, शाळेत तर नाहीच.

लावण्याची जागा डावीकडे, छातीच्या वरच्या भागात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. बारकावे पुढे आहेत. साडीला फीत वेगळी टाचू नका. खांद्यावर पदराच्या निऱ्यांना जी पिन असते तिच्यातच ती अडकवा. पैठणीला किंवा रेशमी साडीला नवी पिन घातली की तार ओढली जाते आणि ती परत बसत नाही. अशांसाठी ताटात वीस-पंचवीस फिती दुहेरी चिकटपट्टी लावून वेगळ्या ठेवा. चुंबकाची पिन शोभिवंत असते, पण सभेला ज्येष्ठ मंडळी असणार. पेसमेकर बहुधा डाव्या कॉलरबोनखालीच असतो, आणि चुंबक त्याच्यापासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवा. म्हणजे फीत जिथे लावायची नेमकी तिथेच चुंबक नको. चुंबक टाळाच.

आणि कोणीही कोणाला फीत लावून द्यायची नाही. स्वागताला उभ्या असलेल्या मुलींना हे दोनदा सांगा. फिती ताटात ठेवायच्या, ताट पुढे करायचं, घेणाऱ्याने स्वतः लावायची. सभागृहात एखादी बाई असेल जिची शस्त्रक्रिया झालीय, जिच्या छातीत औषध देण्याचा पोर्ट बसवलाय, किंवा जिने हे कोणालाच सांगितलेलं नाही. ती फीत हातात धरून बसेल, पर्सला लावील, नाही तर घेणारच नाही. तिला "मॅडम, फीत?" असं कोणी हटकू नये.

क्रम मी असा ठेवीन. दारात फूल. फोटोला हार, समई, दोन-तीन जणांची छोटी मनोगतं, फूल वाहणं, दोन मिनिटं स्तब्धता. लोक बसले की दोन मिनिटं काहीच बोलू नका. मग घरच्यांपैकी कोणाची तयारी असेल तर त्यांनीच सांगावं की आता पुढचा भाग बाईंच्या आजाराबद्दल आहे, आणि ताटं फिरावीत. फीत, चिठ्ठी, डॉक्टरांचं वीस मिनिटांचं बोलणं, प्रश्न. दारातच गुलाबी फीत दिली तर श्रद्धांजलीच्या फोटोंत ती दिसते, आणि मग ज्येष्ठ बाईंचं म्हणणं खरं ठरतं. फोटोच्या फ्रेमला कोपऱ्यात तिरकी काळी रिबीन लावायची टूम बाहेरून आलीय, ती लावू नका. आपल्याकडे फोटोला हार चढला की सांगायचं ते सांगून होतं.

पुष्पचक्र ठेवणार असाल तर त्याची फीत वेगळी, पाच ते सात सेंटिमीटर रुंद, आणि तिच्यावर छपाई असते. पाच सेंटिमीटरच्या फितीवर अक्षराची उंची अडीच सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, नाही तर "श्रद्धांजली"ची दुसरी वेलांटी कडेला कापली जाते. शब्द "श्रद्धांजली" असा आहे, द ला ध जोडलेला. बाजारातल्या निम्म्या फितींवर "श्रध्दांजली" छापलेलं असतं, ते चूक. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला की छपाईवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात, तेव्हा अक्षरांचं आकृतीत रूपांतर केलेली पीडीएफ द्या आणि छापण्याआधी एक नमुना डोळ्यांनी वाचा. तिरंगी फीत मात्र नको. राष्ट्रध्वज पांघरण्याचा मान शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारांना आहे, खासगी विधींना तो ध्वजसंहितेने दिलेला नाही, आणि त्या रंगांची फीत सभेनंतर पायदळी आली तर वाद ओढवतो.

शेवटचं काम सभा संपल्यावरचं. फुलं, हार, पुष्पचक्र रामकुंडावर नेण्याचं कोणीतरी सुचवील. निर्माल्यात द्यायच्या आधी प्रत्येक फीत, तार आणि पिन काढून घ्या. सॅटिन पॉलिएस्टरचं असतं, ते कुजत नाही. गोदावरीत गेलं तर घाटाच्या पायऱ्यांना आणि जलपर्णीत अडकून राहतं, आणि खतात गेलं तर खत चाळणाऱ्याच्या हाताला पिन लागते. दारात एक टोपली आणि एक डबा ठेवा: टोपलीत नको असलेल्या फिती, डब्यात सुट्या पिना. दीडेकशे पिना तरी परत येतात. त्या कोरड्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवल्या तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत गंजत नाहीत.